घोड्याच्या बाजूने कोण लिहिणार? अश्वक्रीडा पत्रकारितेचा आढावा

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला हे त्या संघाचे चार स्वार. अश्वक्रीडेतले याआधीचे आशियाई सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतले, म्हणजे तब्बल ४१ वर्षांपूर्वीचे. बातमी पहिल्या पानाची होती, पण ती समजून सांगणे सोपे नव्हते. गुणफलकावर भारतापुढे आकडा होता २०९.२०५ आणि चीनपुढे २०४.८८२. हे आकडे येतात कुठून?

ड्रेसाजमध्ये साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद रिंगणात घोडा ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करतो. प्रत्येक हालचालीला प्रत्येक पंच शून्य ते दहा गुण देतो आणि बेरजेची टक्केवारी निघते. चारपैकी सर्वोत्तम तिघांची टक्केवारी संघाच्या खात्यात जमा होते. त्या दिवशी अनुषला ७१.०८८, हृदयला ६९.९४१ आणि दिव्यकृतीला ६८.१७६ मिळाले, बेरीज २०९.२०५. सुदीप्तीचे ६६.७०६ धरले गेले नाहीत, तरी संघाला तिचा आधार होताच, कारण तिघांपैकी एकाचा घोडा बिथरला असता तर तिचेच गुण मोजले गेले असते. एवढे कळले की बातमीचा पहिला पदर सुटतो. दुसरा पदर त्याहून महत्त्वाचा. हे चौघेही घरापासून दूर युरोपात राहून, तिथल्याच घोड्यांवर तयार झाले. भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला का जाऊ शकत नव्हता, या प्रश्नात या खेळाचे आपल्याकडचे निम्मे दुखणे आहे. तो प्रश्न विचारायला घोडा, खेळ आणि सरकारी कारभार अशा तिन्ही गोष्टींची जाण असलेला बातमीदार लागतो.

असा बातमीदार घडतो कुठे? त्याचे पोट भरते का? जगात हे काम कसे चालते आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने ते आयुष्याचे काम म्हणून पत्करावे का? या प्रश्नांचा हा आढावा.

एक घोडा, दोन दुनिया

घोड्यांच्या खेळावर लिहिणाऱ्यांच्या दोन दुनिया आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. एक रेसची, दुसरी अश्वक्रीडेची. जंपिंग, ड्रेसाज, इव्हेंटिंग, एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची शर्यत), टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून जमिनीतला खुंट भाल्याने उचलणे) हे सारे दुसरीत येते. रेसमध्ये पैसा पैजेतून येतो, त्यामुळे वाचक म्हणजे पैज लावणारा माणूस. अश्वक्रीडेत पैसा घोड्याचा मालक, स्वाराचे आईवडील, लष्कर किंवा प्रायोजक यांच्या खिशातून येतो, त्यामुळे वाचक बहुधा स्वतः घोड्यावर बसणारा. एकाला उद्याच्या शर्यतीचा अंदाज हवा असतो. दुसऱ्याला आपल्या घोड्याच्या खुराचे, खोगिराचे, सरावाचे आणि निवडीचे उत्तर हवे असते. लेखणी दोन्हीकडे एकच असली तरी दोन्हीकडचे व्यवहार अगदी वेगळे.

महाराष्ट्रात रेसची परंपरा खूप जुनी आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हिवाळी हंगाम मुंबईत महालक्ष्मीला आणि पावसाळी हंगाम पुण्याला भरतो. इंडियन डर्बी १९४३ पासून धावली जाते आणि पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली होती. या परंपरेबरोबर रेसचा बातमीदारही आला, आणि त्याचे खरे काम शर्यतीच्या दिवसाआधी कितीतरी पहाटे सुरू झालेले असते.

ही पहाटेची कामगिरी जवळून पाहण्यासारखी आहे. उजाडायच्या आधी तबेल्यांतून घोडे सरावाच्या ट्रॅकवर येऊ लागतात. त्यांच्या अंगावर क्रमांक नसतो, स्वाराच्या अंगावर मालकाचे रंगीत सिल्क नसते. अंधारात घोडा ओळखायचा तो कपाळावरच्या टिळ्यावरून, पांढऱ्या पायांवरून, मान धरण्याच्या ढबीवरून. हातात स्टॉपवॉच. घोडा अमुक खांबापाशी आला की कळ दाबायची आणि शेवटच्या सहाशे मीटरचा वेळ वेगळा काढायचा. दुसऱ्या दिवशी छापून येते ते एवढेच : १०००/१-६, ६००/३८, आरामात. म्हणजे हजार मीटर १ मिनिट ६ सेकंदांत, त्यातले शेवटचे सहाशे ३८ सेकंदांत. यातला आकडा घड्याळ देते. ‘आरामात’ हा शब्द मात्र बातमीदाराचा, आणि रेसचा जाणकार तोच आधी वाचतो. स्वाराने हात न हलवता घोडा त्या वेळात आला की शेवटी त्याला दामटावे लागले, हे डोळ्यांनी पाहावे लागते. वर्षानुवर्षे रोज पहाटे उभे राहिल्याशिवाय तो एक शब्द विश्वासाने लिहिता येत नाही.

रेसच्या पानाचे अर्थकारण

रेसच्या पत्रकारितेने जगभर रोजगार दिला तो या माहितीच्या जोरावर. अमेरिकेत डेली रेसिंग फॉर्म १८९४ पासून निघते. ब्रिटनमध्ये रेसिंग पोस्ट १९८६ मध्ये सुरू झाले आणि १८५९ पासून चालत आलेले स्पोर्टिंग लाइफ १९९८ मध्ये दैनिक म्हणून थांबले. एका देशात रेसची दोन स्वतंत्र दैनिके पोसली जात होती यावरून वाचकांची भूक कळते, आणि त्यातले एक बंद पडले यावरून पुढची दिशाही कळते. घोड्याचे मागचे धावणे, वजन, अंतर, जॉकी, ट्रेनर ही माहिती पूर्वी छापील कागदावर विकत घ्यावी लागे. आज ती मोबाइलवर क्षणात मिळते. जी माहिती फुकट मिळते ती गोळा करणाऱ्याला पगार कोण देणार, हा प्रश्न त्या व्यवसायापुढे सर्वत्र उभा आहे.

आपल्याकडे त्यात कराची भर पडली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोड्यांची रेस हा जुगार नसून मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. कायद्याने रेसला तिची प्रतिष्ठा मिळाली, करप्रणालीने मात्र तिला जुगाराच्याच रांगेत बसवले. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. इतका कर भरून अधिकृत खिडकीवर पैज लावणारा माणूस कमी होतो आणि बेकायदा पैजेचा बाजार फोफावतो, अशी रेस क्लबांची जुनी तक्रार आहे. पत्रकारासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्या वाचकाच्या खिशावर रेसचे पान उभे होते तो वाचक आक्रसतो आहे. फक्त टिप्स देऊन चरितार्थ चालवू पाहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

टिप्सच्या पत्रकारितेत एक नैतिक काटाही आहे. जो बातमीदार स्वतः पैज लावतो त्याच्या अंदाजावर वाचकाने कितपत विसंबावे? तबेल्यातून कळलेली गोष्ट आधी वाचकाला सांगायची की आधी स्वतःचे तिकीट काढायचे? ज्याने आयुष्यात एकदाही खिडकीकडे पाऊल टाकले नाही त्याच्याच शब्दाला या मैदानात दीर्घकाळ किंमत राहते.

अश्वक्रीडेची नियतकालिके आणि त्यांची मर्यादा

दुसऱ्या दुनियेचा कणा म्हणजे नियतकालिके. ब्रिटनचे हॉर्स अँड हाउंड १८८४ चे, जर्मनीचे सेंट जॉर्ज १९०० चे, अमेरिकेचे क्रॉनिकल ऑफ द हॉर्स १९३७ चे. ज्या देशांत घोडा घरोघरी आहे, मुले शाळेत असल्यापासून पोनीवर बसतात, तिथे ही मासिके आणि साप्ताहिके तग धरून आहेत. त्यांना जाहिरात मिळते खोगीर, खुराक, वाहतूक, औषधे आणि घोड्यांच्या विक्रीची. म्हणजे ज्याच्यावर लिहायचे तोच जाहिरातदार. मोठ्या तबेल्याचा मालक घोडे विकतो, जाहिरात देतो, त्याचाच स्वार ऑलिंपिकला जातो आणि त्याच्याच अंगणात मुलाखत घ्यावी लागते. हे जग छोटे आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. एक अप्रिय बातमी छापली की तीन दारे बंद होतात.

भारतात हे जग आणखी छोटे. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संस्था, तिच्या वर स्वित्झर्लंडमधल्या लोझानची आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय, जिची स्थापना १९२१ ची. खेळाडू येतात ते मुख्यतः लष्करातून, म्हणजे ६१ वी कॅव्हलरी, मेरठची रिमाउंट व्हेटरनरी कोअर आणि बंगळूरची आर्मी सर्व्हिस कोअर यांतून, किंवा मग बंगळूर, मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, जयपूर इथल्या खासगी रायडिंग स्कूलमधून. १९८२ च्या दिल्लीत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्करातलेच. दुसऱ्या धारेचे उदाहरण म्हणजे मुंबईचे इम्तियाज अनीस. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर असलेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबच्या वातावरणात ते वाढले आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरले. त्यांच्यानंतर ऑलिंपिकच्या या खेळात भारतीय दिसला तो थेट टोकियोत, बंगळूरचा फवाद मिर्झा. वीस वर्षांच्या त्या खंडाची कारणे काय, हा विषय एखाद्या पत्रकाराने पुस्तकभर लिहावा असा आहे.

फवादच्या टोकियोतल्या कामगिरीतच बातमीदारीचा एक धडा आहे. इव्हेंटिंगमध्ये तीन परीक्षा असतात, ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग, आणि गुण मिळवायचे नसून दंड टाळायचा असतो. ड्रेसाजनंतर त्याचा दंड होता २८. क्रॉस कंट्रीत वेळ जास्त लागल्याने त्यात ११.२० ची भर पडली. जंपिंगच्या पहिल्या फेरीत दोन दांड्या पडल्या, म्हणजे आणखी ८. एकूण ४७.२० वर तो अंतिम फेरीत पोहोचला आणि अखेर ५९.६० दंडावर २३ वा आला. नुसते ‘भारताचा फवाद २३ वा’ असे लिहिले की वाचकाच्या हाती काही लागत नाही. पहिल्या दिवशी तो जगातल्या पहिल्या दहांत होता, मग कुठे घसरला, घोडा कुठे थकला हे सांगितले की वाचक पुढच्या वेळी पहाटे उठून सामना लावतो.

या वाटेवर लोक आले कसे

या क्षेत्रात शिरायचा एकच दरवाजा नाही. जगातली तीन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

विल्यम नॅक हे न्यूजडे या अमेरिकन दैनिकात राजकारण आणि पर्यावरणावर लिहीत. १९७१ च्या नाताळच्या कार्यालयीन मेजवानीत ते टेबलावर चढले आणि १८७५ पासूनचे केंटकी डर्बीचे सगळे विजेते त्यांनी क्रमाने पाठ म्हणून दाखवले. संपादकांनी त्यांना रेसचे काम देऊ केले. पुढच्याच वर्षी सेक्रेटेरियट हा घोडा उदयाला आला. १९७३ च्या मोसमात नॅक सकाळी सकाळी त्याच्या तबेल्यात जाऊन बसत, मोतद्दाराशी बोलत, घोड्याच्या लकबी टिपत. जूनमध्ये त्या घोड्याने बेलमाँट स्टेक्स ३१ लेंग्थनी (घोड्याच्या ३१ लांबींच्या फरकाने) जिंकली, दीड मैलाला २ मिनिटे २४ सेकंद. तो विक्रम आजही कायम आहे. विजयाचे वर्णन शेकडो जणांनी केले, पण नॅक यांचे लेखन टिकले, कारण विजयापूर्वीचे कित्येक दिवस त्यांनी त्या घोड्याजवळ काढले होते.

डिक फ्रान्सिस उलट दिशेने आले. ते इंग्लंडच्या राजमातेचे जॉकी. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्यांचा डेव्हन लॉक हा घोडा जिंकत असताना विजयरेषेपासून हाकेच्या अंतरावर एकाएकी कोसळला. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि संडे एक्स्प्रेसचे रेसचे बातमीदार म्हणून त्यांनी सोळा वर्षे काम केले; कादंबरीकार म्हणून त्यांना जग ओळखू लागले तेही याच काळात.

तिसरे उदाहरण लॉरा हिलनब्रँड यांचे. आजारपणामुळे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटले, घराबाहेर पडणेही अवघड झाले. इक्वस या घोड्यांच्या आरोग्याला वाहिलेल्या मासिकात त्या लिहीत राहिल्या. जुन्या वर्तमानपत्रांचा धांडोळा आणि दूरध्वनीवरच्या मुलाखती यांतून त्यांनी सीबिस्किट या १९३० च्या दशकातल्या घोड्याचा इतिहास उभा केला. २००१ मध्ये आलेले ते पुस्तक जगभर खपले.

एकाकडे स्मरणशक्ती आणि चिकाटी होती, दुसऱ्याकडे खोगिरावरचा अनुभव, तिसरीकडे संशोधकाचा धीर. तिघांनीही आधी घोडा समजून घेतला, नंतर लिहिले.

मुक्या खेळाडूची बाजू

आता या आढाव्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग. इतर कोणत्याही खेळात खेळाडू मुलाखत देतो, तक्रार करतो, संघटना काढतो. इथे दोन खेळाडूंपैकी एक मुका आहे. त्याला वेदना झाली तर ती फक्त त्याच्या चालीतून, डोळ्यांतून, शेपटीच्या फटकाऱ्यातून दिसते. म्हणून अश्वक्रीडेच्या पत्रकाराची पहिली जबाबदारी घोड्याकडे पाहणे ही आहे.

त्यासाठीची उत्तम जागा म्हणजे इव्हेंटिंगमधली घोड्यांची तपासणी. क्रॉस कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घोड्याला हाताने लगाम धरून कडक जमिनीवर दुडक्या चालीने पंच आणि पशुवैद्य यांच्यासमोर नेले जाते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो. चांगला पाय टेकताना डोके खाली येते. ताल किंचित चुकला की पंच घोड्याला बाजूला घ्यायला सांगतात, पशुवैद्य पुन्हा पाहतात, मग निर्णय. ज्या बातमीदाराला हे डोके उचलणे दिसते त्याला त्या दिवसाचा निकाल अर्धा आधीच कळतो, आणि कोणता घोडा धावायला नको होता तेही कळते.

या नजरेने जगात काय घडवले ते पाहा. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये अमेरिकेच्या रेसकोर्सवर दर आठवड्याला सरासरी २४ घोडे मरतात हे आकडेवारीसह दाखवून दिले. औषधांचा वापर, जायबंदी घोडे पुन्हा धावायला उतरवणे, राज्याराज्यांचे ढिसाळ नियम, सगळे चव्हाट्यावर आले. त्यानंतरच्या वर्षांत दबाव वाढत गेला आणि २०२० मध्ये अमेरिकेने रेससाठी राष्ट्रीय पातळीवरचा सुरक्षा कायदा केला. ब्रिटिश पत्रकार पिप्पा कक्सन यांनी आखातातल्या एन्ड्युरन्स शर्यतींत मोडणारे पाय, मरणारे घोडे आणि उत्तेजकांचा वापर यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मार्च २०१५ मध्ये एफईआयने संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला निलंबित केले. ज्या देशाचा पैसा या खेळात ओतला जातो त्या देशाविरुद्ध लिहायला किती बळ लागते, याचा विचार करावा.

टोकियोत आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये सेंट बॉय या घोड्याने उडी मारायला नकार दिला आणि रडत रडत त्याला फटके मारणारी अनिका श्लॉय जगाने थेट प्रक्षेपणात पाहिली. पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढून टाकली गेली. २०२४ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनची शार्लट डुजार्डिन हिने माघार घेतली, कारण प्रशिक्षण देताना ती घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारत असल्याची चित्रफीत बाहेर आली. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. समाजाने हा खेळ चालू राहू द्यावा का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. माझे मत असे, की खेळाची स्तुती करणारे शंभर लेख या प्रश्नाला उत्तर देऊ शकणार नाहीत. घोड्याची बाजू निर्भीडपणे मांडणारी पत्रकारिता असेल तरच लोकांचा या खेळावर विश्वास राहील. खेळावर प्रेम असणाऱ्यानेच हे काम केले पाहिजे, कारण परका माणूस एकदा लिहून निघून जातो.

आपल्याकडच्या न लिहिलेल्या बातम्या

भारतात नोकऱ्या कमी आहेत हे खरे, विषय मात्र पडून आहेत. २०२५ मध्ये मेरठच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअर केंद्राला घोड्यांच्या रोगांपासून मुक्त विभाग म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ग्लँडर्स, सर्रा यांसारख्या रोगांमुळे भारतातले घोडे परदेशी स्पर्धांना नेणे इतकी वर्षे अशक्यप्राय होते. आता ते दार किलकिले झाले आहे. यातून हृदय आणि अनुषसारख्यांचा युरोपात राहण्याचा खर्च वाचेल का, साध्या घरातला लष्करी स्वार आपल्या घोड्यासह परदेशात उतरू शकेल का, ही बातमी पुढची दहा वर्षे पुरेल.

महालक्ष्मीच्या जमिनीचे घ्या. रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता. २०२४ मध्ये १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे अशी वाटणी झाली. मुंबईच्या मोकळ्या जागेचा हा प्रश्न नगर बातमीदारांनी लिहिला. पण तिथल्या तबेल्यांचे, मोतद्दारांच्या चाळींचे आणि घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे पुढे काय होणार, हे घोड्यांच्या जगातल्या बातमीदाराने सांगायला हवे. राष्ट्रीय महासंघाच्या कारभाराचे वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेले, त्याचा खेळाडूंच्या निवडीवर काय परिणाम झाला, हेही. रेसमधून निवृत्त झालेले घोडे कुठे जातात, पहाटे तीनला उठणाऱ्या मोतद्दाराला आणि पडून जायबंदी होणाऱ्या सरावस्वाराला विमा असतो का, या प्रश्नांवर मराठीत सातत्याने लिहिणारे कोणी नाही.

आणि घोडा म्हणजे फक्त रेसकोर्स नव्हे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर आली, म्हणजे जवळपास निम्मी. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली असे आपण अभिमानाने सांगतो. त्या भीमथडी जातीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली, तेव्हा तिच्यावर किती लिहिले गेले? खेळाचा बातमीदार या बाजारात गेला तर त्याला देशी घोडा, त्याचा पाळणारा आणि उद्याचा खेळाडू एकाच ठिकाणी भेटेल.

शिरायचे कसे, टिकायचे कसे

पत्रकारितेचे शिक्षण पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या कोणत्याही चांगल्या संस्थेत मिळेल. घोड्याचे मिळणार नाही. ते तबेल्यातच मिळते. निदान एक वर्ष रायडिंग स्कूलमध्ये शिकावे, आणि नुसते बसायला नव्हे. लीद उचलायला, खरारा करायला, नालबंद नाल ठोकताना पाय धरून ठेवायला. पशुवैद्याबरोबर फिरावे. एफईआयची नियमपुस्तके खुली आहेत, ती मन लावून वाचावीत. पंचांच्या शेजारी बसून गुण लिहून घेणारा लेखनिक स्पर्धांना लागतोच. ते काम मागून घ्यावे. एका दिवसात तीस घोड्यांचे गुण कानावर पडले की नजर आपोआप तयार होते. परदेशात जाण्याची तयारी असेल तर गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्टसारखा दोन वर्षांचा प्रशिक्षणक्रम आहे, दरवर्षी अवघ्या बारा जणांसाठी. त्यातून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पत्रकारितेतही गेले आहेत.

चरितार्थाबाबत स्वतःची फसवणूक करू नये. एका दैनिकाने फक्त अश्वक्रीडेसाठी पगारी माणूस ठेवावा अशी परिस्थिती आज महाराष्ट्रात नाही. इथे जे टिकतात ते चार कामे जोडून टिकतात : इंग्रजी दैनिकासाठी रेसचे वृत्त, परदेशी नियतकालिकांसाठी भारतातला मजकूर, स्पर्धांचे समालोचन किंवा छायाचित्रण, स्टड फार्मसाठी वंशावळीचे लेखन. यातले शेवटचे काम करणाऱ्याने एक पथ्य पाळलेच पाहिजे : ज्या तबेल्याकडून पैसे घेतले त्याच्याबद्दल बातमी लिहायची नाही आणि लिहायचीच वेळ आली तर वाचकाला ते आधी सांगायचे. छोट्या जगात हे पथ्य कठीण आहे, पण तेच या पेशाचे भांडवल आहे. पहिली काही वर्षे दुसरी नोकरी सांभाळून हे करावे लागेल, हेही मनाशी धरावे.

कॅमेरा आणि मोबाइलने एक संधी दिली आहे. पूर्वी संपादकाने जागा दिली तरच लेख छापून येई. आज मराठीत एखाद्याने टेंट पेगिंगचा एक सामना नीट समजावून सांगणारी चित्रफीत केली तर ती कोल्हापूर, सातारा, नाशिकच्या घोडेवाल्यांपर्यंत थेट पोहोचते. हा वाचक-प्रेक्षक आजवर कोणी मोजलेला नाही, कारण त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललेच नाही. लगाम, रिकीब, दुडकी, चौखूर हे शब्द त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

निष्कर्ष

एकंदर पाहता चित्र असे आहे. रेसच्या टिप्सवर उभा असलेला जुना व्यवसाय उतरणीला लागला आहे आणि तो वर येण्याची चिन्हे नाहीत. अश्वक्रीडेचे आंतरराष्ट्रीय यश वाढते आहे. हांगझोऊनंतर अनुष अगरवाला पॅरिसमध्ये ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. पण त्याचे वार्तांकन पदकाच्या दिवसापुरते जागे होते. ही दरी भरून काढणाऱ्याला तयार खुर्ची मिळणार नाही, ती त्याला स्वतः तयार करावी लागेल. सुरक्षित नोकरी हवी असणाऱ्यांनी हा रस्ता धरू नये. ज्याला घोड्याची ओढ आहे, ज्याला नियम, पैसा आणि राजकारण यांचा माग काढण्याचा कंटाळा नाही आणि ज्याला खरे लिहिल्यावर बंद होणारी दारे सोसवतील, त्याच्यासाठी मात्र मैदान जवळजवळ रिकामे आहे.

मराठी संपादकांना माझी विनंती आहे. २०२६ च्या सप्टेंबरात आयची-नागोयाची आशियाई स्पर्धा आहे, त्यानंतर २०२८ मध्ये लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक. घोडामैदान जवळच आहे. पदक आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा एका तरुण बातमीदाराला आतापासून महिन्यातून एक पान द्या, आणि त्याला तबेल्यात पाठवा.